विषय: किचनर येथील शिपाई बुकम सिंग यांची कबर आणि मंडळाची उपस्थिती

सप्रेम नमस्कार मंडळी,

कॅनडातील ऑन्टारियोमधल्या किचनरच्या माउंट होप दफनभूमीत शिपाई बुकम सिंग यांच्या कबरीपाशी दर नोव्हेंबरमध्ये शीख बांधवांचा स्मरण-कार्यक्रम होतो. यंदा मंडळातर्फे तेथे जावे, असे मला वाटते. ब्रिटिश हिंदी सैन्यातील या वीराबरोबरच पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील (आजच्या इराकमधील) कूत-अल-अमाराच्या वेढ्यात सापडलेल्या आपल्या मराठा पलटणींचेही स्मरण व्हावे, म्हणून मंडळाचा फलक, भगवा ध्वज आणि एक छोटे भाषण असावे, अशी सूचना करतो. आपली मते कळवावीत.

आपला,
एक जुना सभासद

———

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

जाण्याबद्दल माझे दुमत नाही. मात्र एक दुरुस्ती आधी करायला हवी, कारण बाकीचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. बुकम सिंग ब्रिटिश हिंदी सैन्यात नव्हते. ते कॅनडाच्या सैन्यातील विसाव्या इन्फंट्री बटालियनचे शिपाई होते आणि स्वेच्छेने भरती झाले होते. पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात गेलेल्या ज्या शिखांची नोंद सापडते, ते दहाच्या आतबाहेर आहेत.

पंजाबातील माहिलपूरचा हा मुलगा १९०७ साली ब्रिटिश कोलंबियात उतरला, त्याच वर्षी त्या प्रांताने हिंदुस्थानी लोकांचा मताधिकार काढून घेतला. तो परत मिळायला १९४७ उजाडले. १९०८ मध्ये नियम आला, की मायदेशातून कोठेही न थांबता एकाच तिकिटावर येणाऱ्यालाच येथे उतरता येईल. तशी बोट हिंदुस्थानातून नव्हती, हेच त्या नियमातले गमक. बुकम सिंग यांचे लग्न लहानपणीच झाले होते आणि पत्नी पंजाबातच राहिली. १९१४ मध्ये कोमागाता मारू जहाजावरील ३७६ हिंदुस्थानी उतारूंपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडकवून परत धाडले गेले, आणि पुढच्याच वसंतात हा तरुण ऑन्टारियोत सैन्यात दाखल झाला. त्याला 'साम्राज्यनिष्ठा' असे नाव देऊन मोकळे होणे मला पटत नाही.

बेल्जियममधील फ्लँडर्सच्या आघाडीवर १९१६ च्या उन्हाळ्यात ते दोनदा जखमी झाले. आधी डोक्याला तोफगोळ्याचा तुकडा लागला, नंतर पायात गोळी शिरली. ज्यांच्या कवितेमुळे आपण युद्धातील मृतांच्या स्मरणार्थ कोटाला पॉपीचे लाल फूल लावतो, त्या डॉक्टर जॉन मॅक्रे यांच्या रुग्णालयात त्यांच्यावर उपचार झाले. आणि मॅक्रे तर किचनरशेजारच्या ग्वेल्फचेच! पुढे इंग्लंडमध्ये क्षय जडला, त्यांना कॅनडात परत पाठवण्यात आले आणि २७ ऑगस्ट १९१९ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, किचनरच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. हिंदुस्थानी रहिवाशांना बायकामुले आणण्याची मुभा सरकारने दिली, ती याच वर्षी. (जाता जाता: ते भरती झाले तेव्हा या गावाचे नाव बर्लिन होते. युद्ध चालू असतानाच ते बदलून, पूर्वी हिंदुस्थानचे सरसेनापती असलेल्या लॉर्ड किचनर यांचे नाव देण्यात आले.)

त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे या कबरीची कोणी दखल घेतली नाही. ती घेतली गेली एका पदकामुळे, जे इंग्लंडमध्ये शीख इतिहासाचे अभ्यासक संदीप सिंग ब्रार यांच्या हाती आले. त्या युद्धाच्या विजयपदकावर समोर पंखधारी विजयदेवता असते. सैनिकाचे नाव असते ते कडेवर, नाण्याच्या जाडीएवढ्या जागेत, पदक हातात फिरवत फिरवत वाचावे लागेल अशा बारीक अक्षरांत. त्या कडेवर कॅनेडियन पलटणीबरोबर 'सिंग' हे नाव आले, म्हणून कागदपत्रांचा शोध सुरू झाला आणि तो माउंट होपला येऊन पोहोचला. पहिल्या महायुद्धातील शीख सैनिकाची कॅनडातील ज्ञात असलेली ही एकमेव कबर आहे.

म्हणूनच फलक, ध्वज आणि भाषण यांना माझा विरोध आहे. कूतच्या मराठा पलटणींबद्दल मला आदरच आहे, पण त्या येथल्या नव्हेत. ज्या माणसाकडे नव्वद वर्षे कोणी फिरकले नाही, त्याच्या उशाशी आपण आपले पूर्वज आणून उभे करू नयेत.

आपली,
कार्यकारिणीतील एक सदस्या

———

चि. सौ. ताईंस अनेक आशीर्वाद.

चूक दाखवलीत, बरे केलेत. मी 'पगडी म्हणजे हिंदी सैन्य' अशी समजूत करून बसलो होतो. फलक आणि भाषणाची सूचना मागे घेतो. कूतचा विषय मात्र सोडणार नाही. त्यासाठी मंडळातच स्वतंत्र संध्याकाळ मागेन. एक गोष्ट मला रात्रभर टोचत राहिली: शिखाच्या देहाला अग्नी द्यायचा असतो, आणि हा एकटा मातीत आहे, घरचे सारे हजारो मैलांवर. त्यामुळे फुले नेण्याआधी, तेथे काय वाहावे आणि डोके कसे झाकावे, हे गुरुद्वारात विचारून घ्या. माझ्या गाडीत चार जागा आहेत. म्हाताऱ्यांनी कानटोप्या विसरू नयेत.