जनावरांचं न्यायवैद्यक शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

ऋतू_तासगाव
नमस्कार मंडळी. शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. पॅथॉलॉजीत जीव रमतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या भावकीत एकाच्या दोन म्हशी एका रात्रीत गेल्या. बांधाचा वाद जुना, त्यामुळे विष घातल्याची तक्रार झाली. पण डॉक्टर पोचेपर्यंत एक पुरलेली आणि दुसरी उन्हात फुगून फुटायला आलेली. हाती काहीच लागलं नाही. तेव्हापासून हाच विषय, म्हणजे जनावर कशानं मेलं याचा कोर्टात टिकेल असा तपास, डोक्यात आहे. पदव्युत्तर शिक्षण कशात घेऊ? परदेशी ऑनलाइन कोर्स उपयोगी पडतात का? घरचे म्हणतात, एमपीएससी दे आणि गप्प बस.

निवृत्त_पविअ
पोरी, घरच्यांचं ऐक, फक्त ‘गप्प बस’ तेवढं सोड. आपल्याकडे या कामाचा खरा माणूस म्हणजे तालुक्याचा पशुधन विकास अधिकारी (पविअ). पोलीस त्यालाच पत्र देतात, वनखातं त्यालाच बोलावतं, विम्याचा दाखलाही त्याचाच. मी जत, आटपाडी, शिराळा असं सगळीकडे काढलंय.

माफसूत, म्हणजे आपल्या राज्याच्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठात, न्यायवैद्यकाची वेगळी पदव्युत्तर पदवी नाही. पदवीत कायदा आणि नीतीचा भाग येतो, तो पोरं परीक्षेपुरता वाचतात. तू पॅथॉलॉजीत एमव्हीएससी कर. दुसरा पर्याय औषध व विषशास्त्र, पण जनावर उघडून वाचता आलं पाहिजे, ते पॅथॉलॉजीतच येतं. वन्यप्राण्यांकडे ओढा असेल तर नागपूरला गोरेवाड्यात माफसूचंच वन्यजीव संशोधन केंद्र आहे, तिकडे नजर ठेव. चांदोली आणि सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उशाशी असल्यामुळे बिबट्या-गव्याची शवविच्छेदनं आपल्या भागात अधूनमधून येतातच.

आता हातचं काम. विषबाधेचा संशय असला की जठर त्यातल्या ऐवजासकट एका बरणीत, यकृत-मूत्रपिंड दुसऱ्या बरणीत, मिठाच्या संपृक्त द्रावणात. त्याच द्रावणाची एक कोरी बरणीही सोबत जाते, म्हणजे विष मिठातनं आलं असं कुणी म्हणू शकत नाही. फॉर्मलिन फक्त ऊतीच्या तपासणीला. विषाच्या नमुन्यात ते पडलं की तपासणीचा बट्ट्याबोळ. लाखेचं सील, सीलचा ठसा वेगळ्या कागदावर, कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेलं त्याची सही. नमुने पोलिसांमार्फत न्यायसहायक प्रयोगशाळेत जातात. कोल्हापूरला प्रादेशिक प्रयोगशाळा आहे, पुण्यालाही.

आणि फाशीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा संशय असेल तर सुरी लावायचीच नाही. कानाच्या शिरेतून रक्ताचा लेप घ्यायचा, बस्स. तुमच्यातला शूरपणा तिथं दाखवू नका.

कराडचा_वकील
पविअ साहेबांना नमस्कार. कोर्टाच्या बाजूचं मी सांगतो.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 च्या कलम 30 प्रमाणे पशुवैद्यकाच्या विषयावर कोर्टात तज्ज्ञ म्हणून साक्ष द्यायचा हक्क नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. तज्ज्ञाच्या मताचं कलम आधी पुरावा कायद्यात 45 होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात 39. न्यायसहायक प्रयोगशाळेच्या संचालकांसारख्या काही सरकारी तज्ज्ञांचा अहवाल साक्षीशिवायही वाचता येतो. पशुवैद्यकाचं नाव त्या यादीत नाही, म्हणून त्याला पिंजऱ्यात उभं राहावं लागतं.

उलटतपासणीत मी पहिल्यांदा काय शोधतो सांगू? पाहिलं काय आणि वाटलं काय, हे अहवालात वेगळं लिहिलंय का ते. ‘जठराच्या अस्तरावर रक्तस्रावाचे ठिपके, आतला ऐवज हिरवट, कीटकनाशकासारखा वास’ हे निरीक्षण. ‘विष घालून मारले’ हे मत म्हणूनही चालत नाही. विष पोटात सापडलं एवढंच डॉक्टर सांगू शकतो. कुणी घातलं ते पोलिसांनी बघायचं. फवारलेला चारा जनावर स्वतःच खातं की! फिर्यादीच्या रडण्याकडे बघून लिहिलेला अहवाल मी दहा मिनिटांत फाडतो, आणि मग तेच डॉक्टर पुढच्या केसला यायला टाळाटाळ करतात.

जाता जाता, जनावर मारलं किंवा निकामी केलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये! आमच्या कोर्टाबाहेर चहा-वडापावलासुद्धा तेवढे लागतात.

खिल्लारप्रेमी
शर्यतीचं कुणीच काढलं नाही? 2023 च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यतीचा राज्याचा कायदा मान्य केला, पण बैलाची तपासणी पशुवैद्यकानंच करायची आहे. आदत (अजून दुधाचेच दात), दुसा (दोन कायमचे दात), चौसा (चार) हे वय दातावरनं ठरतं, त्यावर गट पडतात आणि भांडणंही होतात. बॅटरीचा शॉक दिला की नाही, आर (काठीचं अणकुचीदार टोक) टोचली की नाही, हे कातडीवरनं ओळखणारा डॉक्टर मिळाला तर आम्हालाच पाहिजे. नीट वागणाऱ्या गाडामालकाचं त्यात भलंच आहे.

ऋतू_तासगाव
सगळ्यांचे आभार. पविअ सर, एक विचारते. जुन्या पुस्तकात गुंजेच्या ‘सुई’चं वाचलं. ते अजून दिसतं का?

निवृत्त_पविअ
माझ्या काळात माझ्यासमोर आलं नाही. पण वाचून ठेव, आपल्या मातीतलं न्यायवैद्यक आहे ते. गुंजेच्या बिया कुटून लगदा करायचा, त्याच्या बारीक टोकदार सुया वळून उन्हात कडक करायच्या आणि जनावराच्या अंगात खुपसायच्या. कातड्यासाठी जनावरं मारायला हे करत. खुपसल्या जागी सूज येते, जनावर दोनचार दिवसांत मरतं, आणि लोक म्हणतात पान लागलं, म्हणजे साप चावला. म्हणून सुजेत चीर देऊन आत बघायचं. सुईचा तुकडा मिळाला तर तोही वेगळ्या डबीत सील करायचा.

आजकाल जास्त येतं ते फवारणीचं औषध, युरिया, कोवळी ज्वारी (ती जनावराला विषारी ठरते) आणि वीज. वीज पडलेल्या जनावराच्या तोंडात कधीकधी न चावलेला घास तसाच असतो. विम्यासाठी लोक कुठलाही मृत्यू विजेवर ढकलायला बघतात, तेव्हा तो घास आणि कातडीवरचे जळके पट्टे बघायचे. कानातला बारा आकडी बिल्ला फोटोत स्पष्ट आला पाहिजे. बिल्ला तुटका असेल तर तेही लिहायचं.

परदेशातली_माणदेशी
ऑनलाइन कोर्सबद्दल. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात पशु-न्यायवैद्यकाची ऑनलाइन मास्टर्स आहे. घटनास्थळ कसं नोंदवायचं, छळाच्या जखमा कशा वाचायच्या, हे शिकायला उत्तम. पण फी डॉलरमध्ये, उदाहरणं कुत्र्या-मांजरांची आणि कायदा तिकडचा. एमव्हीएससी आणि थोडी नोकरी झाल्यावर विचार कर. त्याआधी गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे छोटे अभ्यासक्रम बघ.

निवृत्त_पविअ
ऋतू, इंटर्नशिपला तासगाव-जतकडचा दवाखाना मिळतोय का ते आत्ताच कॉलेजात विचार. तिथल्या साहेबांना सांगून ठेव, पोलिसांचं पत्र आलं की मला फोन करा, रात्र असली तरी येते. गमबूट आणि स्वतःची वही घेऊन जा. मोबाईलवर टिपू नको, रक्तानं भरलेल्या हातमोज्यांनी स्क्रीन चालत नाही.