समलिंगी पात्रं सिनेमात: आधी हशा, मग सहानुभूती, माणूस कधी?

टिळकवाडीकर
माझं म्हणणं सरळ आहे. 'कल हो ना हो'त (२००३) दोन हिरोंना जोडपं समजून हबकणाऱ्या कांताबेनपासून 'दोस्ताना'पर्यंत (२००८) मुख्य प्रवाहातल्या हिंदी सिनेमानं गे माणूस जवळपास दाखवलाच नाही, तो गे असल्याचा गैरसमज तेवढा दाखवला. 'दोस्ताना'त मायामीत फ्लॅट मिळावा म्हणून दोघं हिरो जोडप्याचं सोंग घेतात. हिरो 'तसले' नाहीत हे प्रेक्षकाला आधीच ठाऊक, म्हणून हसायला मोकळीक. बाईची पाळी आली तर २००४ च्या 'गर्लफ्रेंड'सारखी ती थेट खुनशी. मराठीत १९८२ सालीच 'उंबरठा'त महिलाश्रमातल्या दोन बायकांचं नातं आलं होतं, आणि त्यावर हशा पिकवायचा मोह जब्बार पटेलांना झाला नाही. तिथून आपण पुढं जायचं सोडून मागं का आलो?

शहापूरची सून
'उंबरठा'ला फार लवकर हार घालताय. त्या दोघी आश्रमातल्या अनेक अडचणींपैकी एक अडचण म्हणून येतात. गोष्ट स्मिता पाटीलच्या सुलभाची आहे, या दोघींचं काय होतं याच्याशी कॅमेऱ्याला देणंघेणं नाही. हसले नाहीत हे खरं, पण न हसणं एवढ्यावरच पास करायचं का?

खानापूरचा गडी
काय ओ, हसण्यावर एवढा राग कशाला? आमच्या घरात 'दोस्ताना' आजीसकट सगळ्यांनी बघितला. दोन पुरुष जोडपं म्हणून राहू शकतात ही कल्पना आमच्या सोप्यात पहिल्यांदा आली ती त्या चेष्टेतनं. त्याच्या दहा वर्षं आधी, डिसेंबर १९९८ मध्ये, दोन बायकांच्या प्रेमावरचा 'फायर' गंभीरपणे बोलायला गेला तर मुंबईत शिवसैनिकांनी थिएटरं फोडली. सेन्सॉरनं पास केलेला सिनेमा, तरी परत सेन्सॉरकडं गेला. चेष्टेला कुणी दगड मारत नाही की ओ.

टिळकवाडीकर
मारत नाही, कारण चेष्टेत कुणाला काही गमवावं लागत नाही. तुमच्या सोप्यात एखादा पोरगा गप्प बसून तेच हसू ऐकत असेल तर त्यानं त्यातनं काय घ्यायचं?

सौंदत्ती रोड
आपल्या बेळगाव भागाचं बोलायचं तर 'जोगवा'वर (२००९) बोला. सुलीच्या केसात जट आली म्हणून तिला देवीला सोडतात आणि तायाप्पाला बळजबरीनं साडी नेसवतात. उपेंद्र लिमयेचं काम एक नंबर, राष्ट्रीय पुरस्कार उगाच नाही मिळाला. पण सिनेमाचा सगळा जोर तायाप्पाचं पुरुषपण त्याला परत मिळवून देण्यावर, आणि सुलीवरचं प्रेम हा त्याचा दाखला. त्या गोष्टीपुरतं ते रास्तच आहे. मात्र सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर येणाऱ्या जोगत्यांत, म्हणजे देवीला सोडलेल्या पुरुषांत, आपल्या मर्जीनं साडी नेसणारे असतात, पुरुषावर जीव असलेलेही असतात. त्यांना या गोष्टीत जागाच नाही. सिनेमा बघून आलेला माणूस प्रत्येक जोगत्याकडं 'याला सोडवायला पाहिजे' अशाच नजरेनं बघणार.

निपाणीकर
हे मला अजिबात पटत नाही. देवाला सोडण्याचे भोग आमच्या भागानं जवळून बघितलेत. तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांना विचारा. १९८२ साली कर्नाटकानं बंदीचा कायदा केला म्हणून काही सगळं मिटलं नाही. अशा ठिकाणी 'मर्जी' शोधायला निघालात तर प्रथेलाच टेकू मिळतो. 'जोगवा' समलिंगी माणसांवर नव्हता आणि नसायलाच पाहिजे होता.

सौंदत्ती रोड
टेकू देत नाही हो, काका. घरात राहून पुरुषावर जीव लावता येत नाही म्हणून डोंगर गाठणारा माणूस प्रथेचा बळी आहे, तसा घराचाही बळी आहे. सिनेमानं पहिली बाजू दाखवली. दुसरी कुणी दाखवणार का, एवढंच विचारतोय.

मच्छे फाटा
कन्नडमध्ये 'नानु अवनल्ल अवळु' आला होता की! संचारी विजयला राष्ट्रीय पुरस्कार.

शहापूरची सून
तो तृतीयपंथी व्यक्तीवर आहे. उत्तम आहे, पण विषय वेगळा. नेमकी हीच सरमिसळ पडद्यावर वर्षानुवर्षं चाललीय: गे म्हटलं की मनगट मुरडायचं, आवाज पातळ करायचा.

'अलीगढ' (२०१६) त्या सवयीला बळी पडत नाही. प्रा. सिरस अलीगढ विद्यापीठात मराठी शिकवायचे. २०१० मध्ये ते एका पुरुषाबरोबर असताना घरात घुसून त्यांचं चित्रीकरण झालं आणि निलंबन सोसावं लागलं त्यांनाच. कोर्टानं त्यांच्या बाजूनं कौल दिला आणि काही दिवसांतच ते गेले. आमच्याकडं हा सिनेमा 'परमुलखात मराठी जपणारा एकटा माणूस' म्हणून बघितला गेला. भाषेपायी आलेलं एकटेपण आम्हा सीमाभागातल्यांना लगेच कळतं. दुसरं एकटेपण मात्र सगळ्यांनी चहाबरोबर गिळून टाकलं.

निपाणीकर
पण 'अलीगढ'मध्येही शेवटी मरणच. तुम्हाला हशा नको, सुतक चालतं?

टिळकवाडीकर
सुतकाचंच काढलंत तर 'साबर बोंड' बघा. रोहन कानवडेंचा, २०२५ चा, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ज्यूरीचं मोठं बक्षीस मिळालेला. बापाच्या दहा दिवसांसाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि शेतकरी बाळ्या. दोघांना कुणापुढं काही सिद्ध करायचं नाही, गावठी बोलणं आहे, आणि साबराची बोंडं खाणं आहे.

खानापूरचा गडी
बघितला किती जणांनी? आमच्याकडं मराठी सिनेमा आठवडाभर टिकला तरी पेढे वाटायची वेळ येते. धागा मुख्य प्रवाहाचा आहे ना? तिथं माझं मत 'बधाई दो'ला (२०२२). गे पोलीस आणि लेस्बियन पीटी टीचर घरच्यांचा त्रास चुकवायला एकमेकांशी लग्न लावून घेतात. हसवतो, आणि हसू त्या दोघांवर नाही, आपल्या मामा-मावश्यांवर येतं. असा एक सिनेमा बेळगावच्या बोलीत काढा, मी पहिल्या दिवशी सगळी आळी घेऊन येतो. रडका काढलात तर एकटा पण येणार नाही.

शहापूरची सून
आळी आणा, पण आजीला पुढच्या रांगेत बसवा. आणि त्यात मावशीच्याच पोरीचं दुसऱ्या पोरीवर प्रेम असलं, तरी चालेल ना?

खानापूरचा गडी
मावशीला विचारून सांगतो.