मदत हवी आहे: लघवी अडकलेला बोका, रात्रभर देखरेख कुठे मिळेल? (नेरूळ)

नमस्कार मंडळी,
आमचा गण्या, ५ वर्षांचा बोका, इथल्या एका क्लिनिकमध्ये आहे. कालपासून ट्रेमध्ये नुसता कुंथत होता, थेंबही नाही. आज दुपारी अंग गार पडलं, उठेचना. लघवी अडकल्याने रक्तात साचलेलं पोटॅशियम ८.४ निघालं, ५.५च्या आत हवं. ठोके मांजराच्या मानाने फारच मंद.

डॉक्टरांनी आधी ईसीजीवर नजर ठेवत कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून अगदी सावकाश दिलं. त्याने पोटॅशियम उतरत नाही, फक्त हृदय थोडा वेळ सावरतं. मग पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन, सोबत डेक्स्ट्रोज (साखरेचं द्रावण), सलाईन आणि लघवी काढायला कॅथेटर (नळी). पिशवीत लालसर लघवी उतरताना दिसली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पण क्लिनिक रात्री ९ला बंद होतं. इन्सुलिननंतर साखर घसरू शकते, ती वरचेवर बघायला हवी. अडथळा निघाल्यावर लघवी धो धो होते, त्या हिशोबाने सलाईन वाढवावं लागतं, नाहीतर पोटॅशियम उलट कमी पडायचं. हे घरी जमणारं काम नाही.

नवी मुंबईत किंवा ठाण्यात रात्री खरोखर डॉक्टर हजर असणारं आणि पोटॅशियम तिथल्या तिथे मोजणारं ठिकाण कोणाला माहीत आहे का? नुसती '२४ तास'ची पाटी नको, तसल्या दोन ठिकाणी फोनच उचलत नाहीत. परळचं बैलघोडा (प्राण्यांचं हॉस्पिटल) ठाऊक आहे, पण कॅथेटर लावलेल्या बोक्याला एवढ्या लांब न्यावं का?

आणि वारंवार अडकतं म्हणून कोणी मूत्रमार्गाचं ऑपरेशन केलं असेल तर नंतरचा अनुभवही सांगा. नंबर कृपया मेसेजमध्येच.