जुनी पाण्याची टाकी उतरवण्याआधी नकाशावरची तिची जागा कशी जपावी?

प्रश्न : गोदाकाठ

नमस्कार. मी नाशिकला राहतो. मूळ गाव निफाड तालुक्यात, रेल्वेमार्गालगत आहे. तिथे वाफेच्या इंजिनांच्या काळातली पाण्याची टाकी अजून उभी आहे. खाली दगडी चौथरा, त्यावर लोखंडी खांब आणि वर रिव्हेट मारलेल्या पत्र्यांचा गोल हौद असे तिचे रूप आहे. ती मोडकळीस आल्यामुळे उतरवण्याचे घाटते आहे. जुन्या टोपोशीटवर, म्हणजे भूप्रदेशाच्या सविस्तर नकाशावर, ती दाखवलेली आहे आणि गावातील वडीलधारी मंडळी ठामपणे सांगतात की साऱ्या मोजण्या टाकीवरूनच झाल्या. पांडवलेण्याचा डोंगर, रामशेज, अंजनेरी इतके जवळ असताना सर्वेक्षकांना टाकी कशाला लागली, आणि ती गेल्यावर शेतांच्या हद्दींचे वाद उभे राहतील काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : फलकयंत्र

हद्दींची काळजी आधी दूर करतो. शेताची मोजणी भूमी अभिलेख खात्याकडची. ती शंकू-साखळीने (काटकोन काढायचे साधन व मोजणीची साखळी) झाली आणि तिचा आधार टिपण (मोजमापाचा कच्चा आराखडा), गटाचा नकाशा व बांधावरचे दगड हा आहे. टोपोशीट भारतीय सर्वेक्षण विभागाची. टाकी या दुसऱ्या घरातली असल्यामुळे ती पाडल्याने कोणाचाही बांध सरकत नाही.

आता टाकीच का, याविषयी. त्रिकोणमितीय सर्वेक्षणात दोन प्रकारचे बिंदू असतात. काही बिंदूंवर थिओडोलाइट, म्हणजे दुर्बिणीचे कोनमापक यंत्र, उभे करून कोन मोजतात. ही स्थानके बहुधा डोंगरमाथ्यावर असतात. दुसरे बिंदू अशा दोन किंवा अधिक स्थानकांवरून केवळ पाहिले जातात आणि दृष्टिरेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे त्यांचे स्थान ठरते. देवळाचे कळस, गिरण्यांची धुराडी आणि पाण्याच्या टाक्या या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यांच्यावर चढायची गरज नसते. त्या दुरून स्पष्ट दिसल्या म्हणजे पुरे. पुढे प्लेन टेबल (तिपाईवरचा नकाशा काढायचा फलक) घेऊन शिवारात उभा असलेला सर्वेक्षक अशा तीन ज्ञात खुणांकडे रोखून स्वतःची जागा नकाशावर काढतो. त्या तिन्ही खुणा एकाच बाजूला असतील तर उत्तर कच्चे येते, आणि तो स्वतः त्या तीन खुणांतून जाणाऱ्या वर्तुळावर उभा असेल तर उत्तर येतच नाही. नाशिकचे डोंगर पश्चिमेला दाटलेले आहेत आणि निफाडकडे मुलूख सपाट होत जातो, त्यामुळे त्या बाजूला उंच टाकी मिळणे ही मोठीच सोय होती. शिवाय डोंगराचा माथा पसरट असतो; वर निशाण नसेल तर नेमके कुठे रोखायचे हा प्रश्न उरतोच.

उंच जागेसाठी पूर्वी काय काय करावे लागले, याचे एक उदाहरण देतो. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा, म्हणजे त्रिकोणांची पहिली बाजू, मोजून भारतातले हे त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केले. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिरावर त्याचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. पुढे गंगेच्या सपाट खोऱ्यात जॉर्ज एव्हरेस्टला मुद्दाम मनोरे बांधून घ्यावे लागले. आपल्याकडे रेल्वेने ते काम आयते करून ठेवले, असे म्हणायला हरकत नाही.

उत्तर : सह्याद्री मोजणीदार

वरील माहितीशी सहमत आहे. टाकीच्या बाबतीत मात्र कोणता भाग रोखला, हे नोंदीत असल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. समजा हौद १० मीटर रुंद आहे आणि आपण ५ किलोमीटरवर उभे आहोत. तो सुमारे ७ मिनिटांचा कोन व्यापतो (अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट, मिनिटाचा साठावा म्हणजे सेकंद), तर चांगले यंत्र १ सेकंद, म्हणजे त्या अंतरावर साधारण अडीच सेंटीमीटर, वाचते. कोणी केवळ डावी कड रोखली तर मध्यापासून ५ मीटरची चूक आधीच पदरात पडली. म्हणून डावी आणि उजवी, दोन्ही कडा रोखून सरासरी काढतात, किंवा माथ्यावर सळई असेल तर तीच घेतात. सळई मागाहून बसवलेली असेल तर ती जुन्या नोंदीतला बिंदू नव्हे, हेही तपासावे लागते. उंचीच्या कोनासाठी भर दुपारची वेळ निवडतात, कारण तेव्हा प्रकाशाचे वक्रीभवन सर्वांत कमी आणि त्यातल्या त्यात स्थिर असते.

गोदाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग उतरवण्यापूर्वी आम्ही नेमके काय करावे? मोबाइलवर स्थान नोंदवले तर चालेल काय?

उत्तर : फलकयंत्र

मोबाइलची नोंद आठवण म्हणून ठीक आहे. मोकळ्या जागेतही काही मीटरांचा फरक गृहीत धरावा. जुन्या शीटवरचे अक्षांश-रेखांश मात्र त्याच्याशी थेट ताडून पाहू नका. ते एव्हरेस्टच्या १८३० च्या लंबगोलावर (पृथ्वीचा मानलेला गणिती आकार) आहेत आणि मोबाइल डब्ल्यूजीएस ८४ या जीपीएसच्या लंबगोलावर चालतो; केवळ तेवढ्याने नाशिक भागात शंभरेक मीटरांचा फरक पडतो. टाकी चुकीच्या जागी दाखवली होती, असा निष्कर्ष त्यावरून काढणारे लोक मी पाहिले आहेत.

शीटही नीट पाहून मागा. नाशिकमधूनच २० अंशांचा अक्षांश जातो, त्यामुळे पंचवटी ४६ एच/१६ क्रमांकाच्या शीटवर तर नाशिकरोड ४७ ई/१३ वर येते. आपले गाव ७४ अंश रेखांशाच्या पूर्वेला असेल तर या दोन्ही शीट निरुपयोगी. निफाडसाठी ४६ एल/४ पाहावी लागते.

उतरवण्याआधी एखाद्या परवानाधारक सर्वेक्षकाकडून हौदाचा मध्य टोटल स्टेशनने (कोन व अंतर एकत्र मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) काढून घ्या आणि जवळपास, कामात उखडले जाणार नाहीत असे तीन पक्के बिंदू जमिनीवर करून त्यांच्याशी तो जोडा. रोखलेला भाग, तारीख आणि लंबगोल लिहून त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवा. चौथरा दगडीच आहे, तर तेवढा राखता येईल का, हेही विचारून पाहा. मध्याची खूण त्यावरच कोरता येईल.