मदत हवी आहे: जुन्या मॅसी ३५ ट्रॅक्टरची लिफ्ट वर टिकत नाही

मंडळी, पेडण्यात आमच्या आजोबांच्या वेळचा मॅसी ३५ आहे, इंजिन अजून एका सेल्फात चालू होतं, पण लिफ्टने (मागची अवजारं ऑइलच्या दाबाने उचलणारी यंत्रणा) डोकं खाल्लंय. वायंगणाची (उन्हाळी भाताची) नांगरणी तोंडावर आलीय.

सकाळी थंड असताना कल्टिवेटर झक्कास उचलतो, पण अर्ध्या तासाने ऑइल तापलं की उचलायला वेळ लावतो आणि वर नेऊन ठेवला की जागच्या जागी उचक्या लागल्यासारखा खालीवर हलत राहतो. इंजिन बंद केलं किंवा क्लच पूर्ण दाबला (लिफ्टचा पंप पीटीओ शाफ्टवरच, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या दांड्यावरच चालतो ना) की मिनिटाभरात जमिनीवर. पोझिशनचा (अवजाराची उंची ठरवणारा) लिव्हर वर असतानाच हे होतं, ड्राफ्टच्या (ओढीप्रमाणे खोली राखणाऱ्या) लिव्हरला हात लावत नाही. मागची कंट्रोल स्प्रिंग (अवजाराची ओढ लिफ्टला कळवणारी) बघितली, हाताने फिरते पण मागेपुढे ढिली नाही, म्हणजे ती बरोबर असावी.

ऑइल काढलं तर दुधाळ निघालं, चिखलणीत पाणी शिरलं असणार. गिअरबॉक्सचं आणि लिफ्टचं ऑइल एकच, त्यामुळे सगळं बदललं, गाळणी साफ केली, तरी फरक शून्य.

आमचा मेस्त्री म्हणतो पंपच बदल. मला पटत नाही, पंप गेला असता तर थंडपणी तरी कसा उचलला असता? मला संशय लिफ्टच्या सिलिंडरातल्या पिस्टन रिंगांवर, नाहीतर सेफ्टी व्हॉल्व्हवर (जादा दाब सोडणारा).

वरचं कव्हर उघडण्याआधी नक्की कुठे गळतंय ते कसं ओळखायचं? आणि परत बसवताना लिव्हरचं सेटिंग कसं करता? डिचोली-म्हापसा बाजूला जुन्या मॅसीचं काम केलेला कोणी असेल तर कमेंटमध्ये कळवा.