'आउटपोस्ट'ला मराठीत काय म्हणावं?

किरमिजी: कॅलिफोर्नियातल्या फोर्ट रॉसवरचा लेख मराठीत करतेय. १८१२ मध्ये रशियन-अमेरिकन कंपनीच्या इव्हान कुस्कोव्हने ते वसवलं. समुद्री ऑटरची कातडी मिळवायची आणि अलास्कातल्या वस्त्यांना धान्य पुरवायचं, हा हेतू. मी 'सीमेवरचं ठाणं' लिहिलं, तर संपादक म्हणतात, ठाणं म्हटलं की पोलीस आठवतात, 'चौकी' करा. चौकीत काय भटजी बसतात? आणि सेटलर्सना काय म्हणू? 'वसाहतवादी' नको.

जुनाट: चौकी म्हणजे चार शिपाई नि एक कंदील. तिथे रेडवूडचं उंच कुंपण होतं, कोपऱ्यांवर दोन लाकडी बुरूज होते. यासाठी नेमका शब्द आहे, मेढेकोट. मेढी, म्हणजे लाकडी खांब, रोवून केलेला कोट.

आडवाट: बखरीतला शब्द आज किती जणांना कळणार? मालक कंपनी, धंदा कातड्यांचा, मग सरळ वखार म्हणा. इंग्रजांच्या राजापूरच्या जागेला आपण वखारच म्हणतो ना?

चकली: मला वखार म्हटलं की लाकडाचीच आठवते.

जुनाट: ही लाकडाचीच होती!

किरमिजी: वखारीत शेती आणि गुरंढोरं कुठून येणार? इथे दोन्ही होतं. रशियन मूठभर, शिकारी अलास्काहून आणलेले, आणि त्यातल्या कित्येकांनी स्थानिक कशाया जमातीच्या बायकांशी घरोबा केलेला. या सगळ्यांना एक शब्द?

आडवाट: उपरी. मिरासदार, म्हणजे जमिनीचा वंशपरंपरागत मालक, नाही तो उपरी.

चकली: आमची आजी नव्या भाडेकरूंना 'उपरे' म्हणायची, तेही नाक मुरडून. पण कशायांच्या बाजूने पाहिलं तर अगदी चपखल!

जुनाट: चपखल कसलं? उपरी हे जमीन कसणारं कूळ, तो सारा भरतो. उपरा वेगळा, उपरी वेगळा. इथले बरेचसे कंपनीचे पगारी चाकर. १८४१ मध्ये कंपनीने तिथला पसारा जॉन सटर या जमीनदाराला विकला आणि रशियन मंडळी निघून गेली. यांना सेटलर तरी का म्हणायचं?

आडवाट: तीस वर्षं राहिले ते काय पाहुणे म्हणून? शब्दांचे अर्थ पसरतात, साहेब. नाहीतर 'पेठ' अजून बाजारापुरतीच राहिली असती.

किरमिजी: तूर्त 'ठाणं' आणि 'वस्तीकरी' ठेवते. उद्या मजकूर द्यायचाय.

जुनाट: 'वस्तीकरी' हे काय नवीन?

चकली: ते राहू दे. साताऱ्याकडचं मेढा हे गाव, त्याचा या मेढीशी काही संबंध?

आडवाट: झालं! आता निघाली गावांची नावं.