गाऱ्हाणे, नारळ आणि आपली संस्कृती

प्रश्न: भाषा, प्रतीके, मूल्ये आणि रूढी यांतून संस्कृती घडते, असे म्हणतात, आपल्या कोकणात हे प्रत्यक्ष कुठे दिसते?

प्रतिसाद १: गाऱ्हाण्यात पाहावे. देवापुढे नारळ ठेवून जाणते मालवणीत एकेक मागणे मांडतात आणि जमलेले सारे प्रत्येक वेळी 'व्हय म्हाराजा' म्हणतात, तेव्हा एका घराचे दुखणे, निदान माझ्या मते तरी, गावाचे होते.

प्रतिसाद २: सरकारी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, तरी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्याशिवाय माझ्या वडिलांनी होडी कधी लोटली नाही, विणीच्या काळात मासळीला अभय देण्याचे मूल्य या रूढीने जपले आहे.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आमच्याकडील गाऱ्हाणे आता प्रमाण मराठीत होते, याची खंत वाटते. यंदा काकांकडून मालवणी शब्द लिहून घेईन.